मंजुरीपत्र दाखवा, मग सही घ्या

पीएचडीच्या जागेची जाहिरात दिसली की आपली मुलं विषय बघतात, गाइडचं नाव बघतात. पैसे कुणाच्या खात्यातून येणार, हे कुणी विचारत नाही. मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "एक प्रोजेक्ट संपला की दुसरा येतोच गं."

उपनगरातल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मी मेम्ब्रेनवर काम करत होते. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रो, आणि रात्री उशिरा परत. नेमणूक जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) म्हणून, पण प्रोजेक्टवर. रजिस्ट्रेशन दर वेळी 'पुढच्या सेमिस्टरला', कारण कोर्सवर्क सुरू झालं असतं तर लॅबमधले माझे तास कमी झाले असते. कोटेशन्स मागवणं, बिलं लावणं, इतरांची सॅम्पल्स तपासणं, सगळं माझ्याच गळ्यात.

मार्चमध्ये स्टायपेंड रखडला म्हणून अकाउंट्सला गेले. तिथल्या बाईंनी फाइल उघडली, एका ओळीवर पेन टेकवलं. "मॅडम, प्रोजेक्ट ३१ तारखेला बंद होतोय. सरांनी सांगितलं नाही?" मुदतवाढीचा अर्जच गेला नव्हता. सर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "तू समजून घ्यायला हवं होतंस." काय समजून घ्यायचं? प्रोजेक्टची मुदत ज्यात लिहिलेली असते ते मंजुरीपत्र त्यांच्या कपाटात! मी मागितलं तेव्हा 'ते ऑफिशियल असतं' म्हणून टाळलेलं. पुढे पेपर आला, त्यातली मापनं माझी, नाव मात्र शेवटून दुसरं.

आता ऐका. यूजीसी किंवा सीएसआयआरच्या नेटमधून मिळालेली फेलोशिप तुमच्या नावावर असते. प्रोजेक्टची जागा प्रोजेक्टबरोबर संपते. १ जानेवारी २०२३पासून जेआरएफचा दर महिना ३७ हजार झाला. दोन्हीकडे तोच आकडा दिसतो आणि तिथेच फसगत होते. पवईच्या आयआयटीतही टीचिंग असिस्टंटशिप, बाहेरची फेलोशिप आणि प्रोजेक्ट हे प्रवर्ग वेगवेगळे असतात. अर्जातल्या प्रवर्गाच्या रकान्यावर थांबा.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं आहेत, आणि ती प्रवेशापासून मोजतात. त्याआधी प्रोजेक्टवर घासलेली वर्षं कुणी धरत नाही. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या गाइडला नवा विद्यार्थी घेता येत नाही, तेव्हा ती तारीखही विचारा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात गाइडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध बघा. आणि जे मध्येच सोडून गेले, त्यांना गाठा. खरं तेच सांगतात. लॅबच्या वहीत रोज तारीख टाका, बोलणं झालं की ईमेल करा.

नेमणुकीवर सही करण्याआधी मंजुरीपत्राची प्रत लेखी मागा. दिली नाही, तर गाइड कितीही मोठा असो, ती जागा घेऊ नका.