आतड्याचा जुना विकार आणि हाडांची झीज



साधी आव औषधाने काही दिवसांत बरी होते. पण कित्येकांना महिनोन् महिने रक्त-शेंब पडते, मुरडा येतो, वजन उतरते. मध्यंतरी बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. हा आतड्याच्या दाहाचा जुना विकार असू शकतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्सचा रोग हे त्याचे दोन मुख्य प्रकार. या रोग्याचे लक्ष पोटाकडे असते, आणि तिकडे हाडे मुकाट्याने झिजत असतात. हाड मोडेपर्यंत बहुधा काहीच दुखत नाही. म्हणून हा विषय आम्ही आज घेतला आहे.

हाडे का झिजतात?

हाड म्हणजे दगड नव्हे. ते रोज थोडे मोडते व रोज नवे भरते. आतड्याच्या दाहातून रक्तात जे पदार्थ उतरतात, ते मोडण्याचे काम वाढवतात. लहान आतडे बिघडले असेल तर अन्नातील कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. त्यातच भीतीने दूध सोडले जाते आणि अशक्तपणामुळे चालणे-फिरणे थांबते.

गोळीची दुसरी बाजू

ट्रूलव्ह व विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली इंग्लंडमध्ये दाखवून दिले की कॉर्टिसोनने कोलायटिस आटोक्यात येतो. प्रेडनिसोलोन ही गोळी त्याच घराण्यातली. तिने अनेकांचे प्राण वाचले. परंतु हाडांची सर्वांत जास्त झीज गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच होते. दुकानातून आणून ती वर्षानुवर्षे घेणे म्हणजे पोट वाचवून कंबर घालवणे होय. मात्र ती एकाएकी बंदही करू नये. त्याने जिवावर बेतू शकते. डॉक्टर सांगतील तसतशी कमी करावी. आणखी एक गोष्ट: आतड्याचा क्षय क्रोन्ससारखाच दिसतो, आणि क्षयावर ही गोळी पडली तर क्षय भडकतो. म्हणून आधी दुर्बिणीची तपासणी हवी.

आपल्या भागातली अडचण

धार जिल्ह्यात काही गावांच्या हातपंपाच्या व बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार आहे. त्यानेही हाडे व सांधे दुखतात, ताठरतात. गंमत अशी की अशा माणसाचे हाड तपासणीत भरीव दिसू शकते, पण असते ठिसूळ. म्हणून आपण कुठले पाणी पितो ते डॉक्टरांना सांगावे आणि पाणी तपासून घ्यावे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरी सोय नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही.

काय करावे?

१. गोळी तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल तर हाडांची डेक्सा तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. ती इंदूर-भोपाळसारख्या मोठ्या शहरांत होते.

२. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. अर्धा लिटर गाईच्या दुधातून सुमारे ६०० मिळते. दूध सोसत नसेल तर दही-ताक घेऊन पाहावे. नाचणी, तीळ चांगले. पण दुखणे उसळले असताना भरड अन्न टाळावे.

३. अंगावर ऊन घ्यावे. ‘ड’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत. अति झाल्यास मूत्रपिंडाला इजा होते.

४. बरे वाटत असताना रोज चालावे, झेपेल ते काम करावे. बिडी व दारू सोडावी.

५. उंची कमी होणे, पाठीला बाक येणे, किरकोळ पडून हाड मोडणे, पाठीत एकाएकी कळ येणे, यांपैकी काहीही झाले तर वेळ लावू नये.

घरात असा रोगी असेल तर सोयाबीन-गव्हाची पोती त्याच्या पाठीवर देऊ नयेत. पोट शांत झाले तरी हाडांची चौकशी चालू ठेवावी. शेतकऱ्याचे पहिले अवजार त्याचे शरीरच आहे.