घर सगळ्यांचं, कागद ज्याचा त्याचा

लालबाग-परळच्या कितीतरी घरांत आजही एकच कॉम्प्युटर असतो आणि वापरणारी माणसं पाच-सहा. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे प्रत्येकाला वेगळं टेबल कुठून आणायचं? आमच्याही घरी तसंच होतं. सासऱ्यांच्या गिरणीचं ओळखपत्र आणि म्हाडाच्या अर्जाची कागदपत्रं, मुलांचे प्रोजेक्ट, दिरांचे पगाराचे कागद, गल्लीतल्या मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, सगळं त्या एकाच यंत्रात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

माझ्या धाकट्या जावेची बायोप्सी झाली, तिचा रिपोर्ट कॅन्सरचा आला आणि टाटा हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. सासूबाईंचं हृदय नाजूक. म्हणून उपचारांची दिशा ठरली की त्यांना नीट समजावून सांगायचं, असं आम्ही ठरवलं होतं. आर्थिक मदतीचे अर्ज करायचे होते, तेव्हा दिरांनी रिपोर्ट, खर्चाचं अंदाजपत्रक, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवला. फोल्डर ‘हिडन’ केलं. ते दिसत नव्हतं, म्हणजे सुरक्षित आहे, असं त्यांना वाटणं स्वाभाविक होतं.

गणपतीच्या आधी मंडळाची मुलं अहवालाची प्रिंट काढायला आली. त्यांनी पीडीएफ उघडायचा प्रोग्रॅम चालू केला आणि नुकत्याच उघडलेल्या फायलींची यादी समोर आली. त्यात जावेच्या नावासकट रिपोर्टची फाइल होती. मुलांनी काही मुद्दाम शोधलं नव्हतं. एकाने काळजीपोटी घरी आईला सांगितलं, आईने शेजारणीला, आणि संध्याकाळी गॅलरीत कुणीतरी सासूबाईंना विचारलं, “सूनबाईंचं ऑपरेशन कधी आहे हो?” त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. पण त्याहून मला लागलं ते जावेचं बोलणं. ती म्हणाली, “माझा आजार कुणाला सांगायचा, एवढं तरी माझ्या हातात हवं होतं ना, वहिनी?”

त्यानंतर मी कॉम्प्युटरवरचे खासगी कागद कसे जपायचे ते शिकून घेतलं आणि ओळखीच्या घरांत जाऊन समजावून सांगते. पहिली गोष्ट हीच सांगते, की लपवणं वेगळं आणि कुलूप लावणं वेगळं. ‘हिडन’ फोल्डर एका क्लिकवर दिसतं. फाइलचं नाव बदललं, फोल्डरात फोल्डर केलं, तरी सर्च आणि ‘रिसेंट’ची यादी ती शोधून देतात.

कुलपाची सुरुवात स्वतंत्र अकाउंटपासून होते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन घरातल्या प्रत्येकाचं वेगळं अकाउंट करा, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड ठेवा. मुलांचं आणि पाहुण्यांचं अकाउंट ‘स्टँडर्ड’ असू द्या, कारण ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असलेला माणूस इतरांची फोल्डरं उघडू शकतो. मंडळासाठीही वेगळं अकाउंट करा. जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि ‘एल’ एकत्र दाबलं की स्क्रीन लॉक होते. ही सवय मुलांनाही लावा. आणखी एक बारकावा फार जण विसरतात. आपल्याकडे फोटो आणि कागद ‘डी ड्राइव्ह’मध्ये ठेवायची पद्धत आहे. पण तो ड्राइव्ह सहसा सगळ्या अकाउंटना दिसतो. खासगी फाइल आपल्या अकाउंटच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्येच ठेवा.

अकाउंटचा पासवर्ड पुरेसा असतोच असं नाही. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, तर तो पासवर्ड आड येत नाही. म्हणून आजारपण, कोर्टकचेरी, पैसे, मालमत्ता यांच्या फायलींना स्वतःचं कुलूप हवं. ‘सेव्हन-झिप’ हा मोफत प्रोग्रॅम फायली पासवर्डने बंद करतो. त्यात ‘सेव्हन-झेड’ हा प्रकार निवडा आणि फायलींची नावंही लपवायच्या पर्यायावर खूण करा. आमच्याकडे घोळ झाला तो नावानेच. मग मूळ फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा करा आणि ‘रिसेंट’ची यादीही पुसा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’ने सगळी डिस्कच कुलूपबंद करता येते. मात्र असा पासवर्ड विसरलात तर फाइल परत मिळण्याची आशा ठेवू नका. तो कागदावर लिहून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवा.

सगळ्यात जास्त काळजी झेरॉक्सच्या दुकानात घ्यायला हवी. केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या परिसरात गावाहून आलेले नातेवाईक घाईघाईने दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधार, रेशनकार्ड आणि रिपोर्ट पाठवतात. काम होतं, फाइल तिथेच राहते. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. आपल्याला ओळखणारा कुणीही तो जुळवू शकतो. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढून सांगितलं होतं, की सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवून घेऊ नका, घेतलंच तर सगळ्या प्रती पुसा. पत्रकाचा चुकीचा अर्थ काढला जाईल म्हणून सरकारने ते दोनच दिवसांत मागे घेतलं. तरी हा सल्ला मी आजही देते. जिथे चालेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. प्रिंट मिळाली की फाइल आपल्यासमोर डिलीट करायला सांगा. सांगायला संकोचू नका. तिथे आपलं व्हॉट्सॲप उघडलं असेल, तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते बंद करा. ब्राउझरच्या ‘इनकॉग्निटो’वर विसंबू नका, त्यात डाउनलोड केलेली फाइल कॉम्प्युटरवर राहतेच.

जुना कॉम्प्युटर लॅमिंग्टन रोडला विकायला नेताना नुसत्या डिलीटवर थांबू नका. डिलीट केलेल्या फायली परत काढता येतात. विंडोजच्या ‘रिसेट’मध्ये सगळं काढून टाकायचा आणि ड्राइव्ह साफ करायचा पर्याय आहे, तो वापरा. सर्वांत उत्तम म्हणजे डिस्क काढून घरीच ठेवा.

कुणी आपल्या कागदांचा गैरवापर केला, तर गप्प बसू नका. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख फसवणुकीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. तो हक्क एका खोलीत राहणाऱ्यालाही तितकाच आहे.

पासवर्ड लावला की घरात कुणीतरी दुखावतं: “आमच्यावर विश्वास नाही का?” चाळीत दारं दिवसभर उघडी असायची, तरी प्रत्येकाच्या ट्रंकेला कुलूप असायचं, त्यावरून कुणी रुसत नसे. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून अकाउंटं वेगळी करा आणि एकमेकांना पासवर्ड न विचारण्याचं ठरवा. विशेषतः घरातल्या आजारी माणसाचा कागद त्याच्या परवानगीशिवाय कुणाच्या नजरेस पडू देऊ नका. हे काम या रविवारीच उरका.