चि. माधव यास : हृदयविकाराच्या वारशाविषयी



तुझे पत्र व सोबतचा रक्ततपासणीचा तपशील पावला. वडिलांना ५१ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आल्यावर तू स्वतःच्या प्रकृतीची दखल घेतलीस, सिगारेट सोडलीस, याचा मला संतोष आहे. परंतु एवढ्या लांबलचक पत्रात तुझ्या बहिणीचे, सुमतीचे, नाव एकदाही आले नाही, आणि ज्या पित्याच्या रोगाने तू धास्तावलास तोच तिचाही पिता आहे याचा घरात सर्वांनाच विसर पडावा, याने मन अस्वस्थ झाले. पित्यास वा भावास ५५ वर्षांच्या आत, अथवा मातेस वा बहिणीस ६५ च्या आत हा विकार जडला, तर त्याचा धोका मुलाइतकाच मुलीलाही संभवतो.

अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम येथे १९४८ साली जी दीर्घ पाहणी सुरू झाली, तिच्यात आरंभापासून स्त्रियाही होत्या. तरी हा पुरुषांचा रोग, ही समजूत अद्याप हटत नाही. स्त्रीला तो सुमारे दहा वर्षे उशिरा गाठतो हे खरे, पण ही मुदत सशर्त आहे : मधुमेह जडला की ती बहुतांशी रद्द होते. त्यात सुमतीचा रक्तदाब दुसऱ्या गरोदरपणात चढला होता, पायांवर सूज होती, लघवीतून प्रथिने जात होती. बाळंतपण सुखरूप पार पडले आणि ते प्रकरण सर्वांनी दप्तरी दाखल केले. वस्तुतः गरोदरपणातील असा विकार पुढील आयुष्यात हृद्रोगाचा धोका सुमारे दुप्पट करतो, आणि नेमके हेच तिला पुढे कोणी विचारीत नाही.

दुसरी गोष्ट मशेरीची. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजून, चुरून तुझी आई डबीत भरते, आणि सुमतीही कळती झाल्यापासून त्याच डबीत बोट घालते. धूर निघत नाही म्हणून मशेरीला व्यसन म्हणावयास कोणी धजत नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ पाहणीत मात्र चघळण्याच्या तंबाखूचाही झटक्याशी संबंध आढळला, आणि आपल्या उपखंडातील लोकांना पहिला झटका इतरांहून लवकर येतो, हेही तिथेच दिसले.

तेव्हा तिचा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व कोलेस्टेरॉल तपासून घे. कमरेचा घेर तुझा ९० सेंटिमीटरच्या आत असावा, तिचा ८० च्या. अकारण धाप, जबडा वा पाठ दुखणे, घाम व मळमळ हे पित्त समजून सोड्यावर निभावून नेऊ नये, तडक इस्पितळ गाठावे, हे तिच्या यजमानांनाही बजावून सांग. बाळंतपणाची कागदपत्रे सासरी असतील, ती मागवून डॉक्टरांपुढे ठेव, आणि निकाल हाती येताच मला कळव.

तुझा,
मामा