परक्याच्या तोंडची शिवी आणि आपले मूल



गेल्या महिन्यात जुम्माच्या नमाजनंतर एक तरुण पिता माझ्याजवळ थांबले. खांद्यावर चार वर्षांची मुलगी झोपलेली. त्यांनी विचारले, "मौलाना, बाजारात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत अनोळखी माणसे लेकरांसमोर आई-बहिणीवरून शिव्या देतात. त्यांना टोकणे आपल्यावर वाजिब आहे का? गप्प राहिलो तर अल्लाहपुढे आपण गुन्हेगार ठरतो का?" मी त्यांना उभ्या-उभ्या थोडक्यात उत्तर दिले, पण ते पुरेसे नव्हते, हे घराकडे जाताना मलाच जाणवले. म्हणून या महिन्याचा पाठ त्यांच्या प्रश्नासाठी.

प्रथम शिवीविषयी. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (र.) यांनी कथन केलेली आणि तिरमिजी शरीफमध्ये आलेली हदीस सांगते की, टोमणे मारणे, शाप देणे, अश्लील व घाणेरडे बोलणे ही श्रद्धावंताची लक्षणे नव्हेत. म्हणजे शिवी ही केवळ वाईट सवय नव्हे, तिचा संबंध ईमानाशी जोडला गेला आहे. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला आणखी एक गोष्ट खटकत आली आहे. आपल्याकडील बहुतेक शिव्यांत भांडण पुरुषाशी असते आणि घाव मात्र तेथे हजरही नसलेल्या स्त्रीवर पडतो. ही खंत केवळ आपल्या समाजाची नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड करण्याचा ठराव केला. सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील बोलणे देशाच्या कायद्यानेही गुन्हा आहे. तेव्हा शिवीने अस्वस्थ होणारा पिता अतिसंवेदनशील आहे, असे कोणी समजू नये.

आता टोकण्याविषयी. हजरत अबू सईद खुदरी (र.) यांची सहीह मुस्लिममधील हदीस आपल्याला पाठ असते: वाईट गोष्ट दिसली तर ती हाताने बदलावी, ते शक्य नसेल तर जिभेने, तेही शक्य नसेल तर मनाने तिचा तिटकारा करावा, आणि ही ईमानाची सर्वांत दुर्बल पायरी होय. आपण ही हदीस ऐकतो आणि शेवटच्या पायरीची लाज वाटून दुसरीवर उडी घेतो. मीही घेतली होती.

दोन वर्षांपूर्वी चिपळूणहून कराडला जाणाऱ्या एसटीत मी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन बसलो होतो. मागच्या आसनावर तीन तरुण गप्पा मारत होते. ते भांडत नव्हते, हसत होते. पण प्रत्येक वाक्याला शिवीचा टेकू होता. पोफळी मागे पडून घाट सुरू झाला आणि माझा संयम संपला. मी उभा राहिलो आणि खुतब्याच्या आवाजात म्हणालो, "लाज वाटत नाही का? बायका-मुले बसली आहेत!" सगळी गाडी वळून पाहू लागली. दोघे खाली पाहू लागले. तिसऱ्याने मात्र माझ्या आईचा उल्लेख करून अशी शिवी दिली की, ती त्या दिवशीची सर्वांत घाणेरडी होती. कंडक्टरने मध्ये पडून प्रकरण मिटवले. घरी पोचल्यावर मुलाने चप्पल काढता काढता आपल्या दादीला विचारले, "दादी, हा शब्द म्हणजे काय? तो माणूस तुमच्याबद्दल बोलत होता."

त्या रात्री मला बुखारी व मुस्लिममधील ती हदीस आठवली, जिच्यात प्रेषित (स.) यांनी स्वतःच्या माता-पित्यास शिवी देणे हे महापापांपैकी एक असल्याचे सांगितले. असे कोणी कसे करील, असे लोकांनी विचारले असता त्यांनी स्पष्ट केले की, माणूस दुसऱ्याच्या बापाला शिवी देतो, तो उलटून याच्या बापाला देतो. याच्या आईचेही तसेच. मी कोणाला शिवी दिली नव्हती, त्यामुळे ही हदीस मला लागू होते असे मी म्हणत नाही. पण चार लोकांत एका तरुणाचा पाणउतारा करून माझ्या आईपर्यंत शिवीची वाट मीच करून दिली, हे मला नाकारता येत नाही. आणि खरे सांगायचे तर मी उभा राहिलो तो अल्लाहच्या आज्ञेसाठी की स्वतःच्या संतापासाठी, याचे उत्तरही मला ठाऊक होते.

इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये या विषयाची फार बारकाईने चर्चा केली आहे. आपल्या टोकण्याने काही साधणार नाही आणि उलट मार बसेल अशी खात्री असेल, तर ते कर्तव्य उरत नाही. कोणी केवळ स्वतःवर त्रास ओढवून घ्यायला तयार असेल, तर त्याची गोष्ट वेगळी. परंतु त्या त्रासाची झळ सोबतच्या आप्तांना बसणार असेल, तर टोकणे योग्यच नाही. कारण माणूस स्वतःच्या हक्कावर पाणी सोडू शकतो, दुसऱ्याच्या नाही. वाचकहो, आपला प्रश्न जणू येथेच सुटतो. मूल सोबत आहे म्हणून आपल्याला टोकावेसे वाटते, आणि मूल सोबत आहे म्हणूनच आपल्याला जपून पाऊल टाकायचे आहे. एकटी आई दोन लेकरांसह रात्रीच्या फलाटावर उभी असेल आणि समोर दारूच्या नशेतली टोळी असेल, तर तिने डबा बदलावा, पुढे सरकावे, मनाने तिटकारा करावा. ती भित्री ठरत नाही, गुन्हेगार तर मुळीच नाही.

मग जिभेची पायरी कधी? जेव्हा समोरचा शुद्धीवर आहे, धोका दिसत नाही आणि ऐकण्याची आशा आहे तेव्हा. अशा वेळीही भाषा कोणती असावी? फिरऔनकडे जाताना हजरत मूसा आणि हजरत हारून (अ.) यांना मृदू बोलण्याची आज्ञा झाली होती, हे सूरह ताहामध्ये आपण वाचतो. एसटीतला तरुण फिरऔन नाही आणि मी मूसा (अ.) नाही.

मुस्नद अहमदमध्ये हजरत अबू उमामा (र.) यांच्याकडून आलेला एक प्रसंग मला या बाबतीत सर्वांत जवळचा वाटतो. एका तरुणाने प्रेषित (स.) यांच्यासमोर येऊन चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली. उपस्थित लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बोलावून बसवले आणि विचारले, हे तुझ्या आईच्या बाबतीत तुला आवडेल का? मुलीच्या? बहिणीच्या? आत्याच्या? मावशीच्या? प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला. आणि प्रत्येक वेळी त्याला सांगण्यात आले की, इतरांनाही ते आवडत नाही. मग त्याच्यावर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ केली गेली. ओरडणारे लोकही चुकीची गोष्टच रोखू पाहत होते. फरक एवढाच की, त्यांच्या ओरडण्याने तो उठून गेला असता.

त्यानंतर मी माझी रीत बदलली. जागेवरून आवाज न देता जवळ जातो, 'दादा' किंवा 'भाऊ' म्हणतो, आणि सोबतच्या मुलाकडे पाहून एकच वाक्य बोलतो: "लेकरू सोबत आहे, तेवढे सांभाळून घ्या." 'शिवी', 'लाज', 'संस्कार' हे शब्द मी काढत नाही. एका रेल्वे स्थानकावर फोनवर तावातावाने बोलणाऱ्या गृहस्थाला असे म्हणालो, तर त्याने जीभ चावली, माफी मागितली, दहा पावले दूर गेला आणि तेथून पुन्हा सुरू झाला. मी ते यशच मानतो. माझा मुलगा ते ऐकत नव्हता. दुसऱ्या एका ठिकाणी "तुम्हाला काय करायचे आहे?" असे उत्तर मिळाले. मी "काही नाही" म्हणून बाजूला झालो. एकदाच सांगावे, दुसऱ्यांदा सांगितले की वाद होतो.

येथे एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. दाढी-टोपीतला माणूस किंवा बुरख्यातली भगिनी काही बोलते, तेव्हा समोरच्याला कित्येकदा चूक दिसत नाही, धर्म दिसतो. मग शिवीचा विषय बाजूला राहतो आणि आमचे-तुमचे सुरू होते. तशी चाहूल लागताच थांबावे. शेजारच्या एखाद्या वयस्क काकांना किंवा कंडक्टरला विनंती केली तर तेच काम सहज होते, असा माझा अनुभव आहे.

मुलाशी काय बोलावे, हा यातला मोठा भाग आहे. परका उतरून जातो, शब्द मुलाकडे राहतो. तो ऐकलाच नाही असे भासवू नये आणि विचारल्याबद्दल चापटही मारू नये. त्या शब्दाने कोणाच्या तरी आईचा अपमान होतो, म्हणून आपल्या घरात तो बोलत नाहीत, एवढे सहा वर्षांच्या मुलाला पुरते. अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही. मात्र "तो माणूसच घाणेरडा" असे म्हणू नये. त्या रात्री मी तेच म्हणालो होतो, आणि माझ्या आईने मला तेथेच थांबवले: "त्यालाही आई असेल. त्याच्यासाठी दुआ कर."

आता जरा आपल्या अंगणात येऊ. असरनंतर आमच्या मशिदीमागच्या मैदानावर क्रिकेट चालते. तेथे जे ऐकू येते ते एसटीतल्यापेक्षा वेगळे नाही. पण ती मुले परकी नाहीत. त्यांची नावे, त्यांचे वडील, त्यांची घरे आपल्याला ठाऊक आहेत. येथे धोका नाही, ऐकण्याची आशा आहे, म्हणजे इमाम गजालींनी सांगितलेला एकही अडथळा नाही. तरी येथे आपण गप्प असतो, कारण कोणाचे वडील कमिटीत असतात, कोणाशी सोयरीक जमायची असते. परक्यावर चढणारा आवाज ओळखीच्यापुढे बसतो, तेव्हा तो कशासाठी चढला होता हे ज्याने-त्याने स्वतःला विचारावे. आणि हाताची पायरी, म्हणजे अधिकाराने बदलण्याची, तर पित्याला स्वतःच्या घरातच मिळते. स्कूटरवर पुढे उभे असलेले मूल रिक्षा आडवी आल्यावर सर्वांत आधी कोणाचा शब्द ऐकते? ते सुधारण्यासाठी कोणाला टोकावे लागत नाही.

गेल्या सुट्टीत त्याच मार्गाच्या एसटीत पुन्हा मागून तसेच शब्द येऊ लागले. मी उठावे की बसावे या विचारात असताना मुलानेच माझी बाही ओढली, "अब्बा, आपण पुढे बसू या." ड्रायव्हरच्या मागे जागा होती. आम्ही तेथे जाऊन बसलो, आणि घाट चढेपर्यंत त्याने मला आठचा पाढा दोनदा म्हणून दाखवला. आठ साते मात्र दोन्ही वेळा चुकले.