गाडीची स्प्रिंग बसली की कापली?

एखादी मोटार मागच्या बाजूला नेहमीपेक्षा खाली टेकलेली दिसते. खड्डा आला की तिच्या मागून 'धाड्' असा आवाज येतो. गॅरेजमधला मिस्त्री म्हणतो, "स्प्रिंग बसली." पण ती खरोखर बसली, की गाडी बुटकी दिसावी म्हणून कोणी तिची वेटोळी कापली? स्प्रिंग न काढता हे ओळखता येईल का? रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम येथे आपल्या मदतीला येतो.

हा नियम तुम्हांला ठाऊक आहेच : स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत स्प्रिंगच्या लांबीतील बदल भाराच्या प्रमाणात असतो. स्प्रिंग १ मिमी दाबण्यास लागणारे बल हा तिचा स्थिरांक. समजा, मागच्या एका स्प्रिंगला ८ वेटोळी आहेत, भार नसताना तिची लांबी ३२० मिमी आणि स्थिरांक २० न्यूटन प्रति मिमी आहे. तिच्यावर ३,००० न्यूटन भार आला, तर ती १५० मिमी दबेल. लांबी १७० मिमी उरेल.

आता २ वेटोळी कापली असे समजू. प्रत्येक वेटोळे पूर्वीइतकेच दबते, पण वेटोळी ६ च उरली. म्हणून २४० मिमी लांबीची ही स्प्रिंग ११२.५ मिमी दबून १२७.५ मिमी उरते. गाडी ४२.५ मिमी खाली आली, पण स्प्रिंग मात्र अधिक ताठ झाली! स्थिरांक सुमारे २६.७ झाला.

बसलेल्या स्प्रिंगची गोष्ट वेगळी. अतिभाराने तारेला कायमचा पीळ बसतो आणि लांबी घटते. तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास व संख्या मात्र जवळजवळ तीच राहते. म्हणून स्थिरांकही तोच राहतो.

आता परीक्षा घेऊ. गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजा. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर १२० किलो वजन ठेवा. प्रत्येक स्प्रिंगच्या वाट्याला सुमारे ६०० न्यूटन येतील. गाडी एकदा हलवून स्थिर होऊ द्या व पुन्हा मोजा. आपल्या उदाहरणात :

१) उंची ३० मिमी घटली, तर स्प्रिंग बसलेली आहे.
२) २२.५ मिमी घटली, तर कापलेली आहे.
३) त्याहून फारच कमी घटली, तर गाडी रबरी ठोकळ्यावर टेकली आहे. 'धाड्' आवाज त्याचाच!
४) एकच बाजू खाली असेल, तर त्या बाजूचे वेटोळे तुटले आहे का ते पाहा.

कापलेल्या स्प्रिंगचा आणखी एक धोका आहे. चाक खाली लोंबले की शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्याला एका मर्यादेवर अडवतो. तेव्हा स्प्रिंगच्या दोन बैठकांत २६० मिमी अंतर असेल, तर ३२० मिमीची स्प्रिंग घट्ट राहते. २४० मिमीची मात्र २० मिमी सैल पडून खुळखुळते. ती बैठकीतून निसटली तर अपघात ओढवेल.

सावधान! स्प्रिंग स्वतः काढू नका. १५० मिमी दबलेल्या मूळ स्प्रिंगमध्ये २२५ जूल ऊर्जा साठलेली असते. म्हणजे २३ किलोचे ओझे १ मीटर उचलण्याइतकी! ते काम मिस्त्रीचेच.

तुम्ही जुन्या बॉलपेनची स्प्रिंग घ्या. ती बरोबर अर्धी कापली, तर स्थिरांक किती पट होईल? आधी गणित करा, मग वजने ठेवून ताडून पाहा.