तेहतिसावं पान

तू पाठवलेली आचारसंहिता दोनदा वाचली. ३२ पानं. भाषा चांगली आहे, भेटवस्तूंचं आणि हितसंबंधांचं पान तर फारच नीट उतरलंय. चाकणच्या कारखान्याची जबाबदारी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात तू या कामाला हात घातलास, याचा तुझ्या मामाला अभिमान आहे. पण पोरी, यात एक पान कमी आहे. हे नियम कोणाला, कधी आणि कोणाच्या सहीने माफ होऊ शकतात, ते कुठेच लिहिलेलं नाही. ३४ वर्षं मी हिशेब आणि खरेदी या दोन खात्यांत काढली. कंपनी नासायला सुरुवात होते ती या न लिहिलेल्या पानावर, एवढं खात्रीने सांगतो.

एन्रॉन तुला दाभोळमुळे ऐकून ठाऊक असेल. गुहागर तालुक्यातला तो प्रकल्प, मोर्चे, महाग वीज, एवढंच आपल्याकडे लोकांच्या लक्षात राहिलं. त्या कंपनीची आचारसंहिता ६४ पानांची होती. जुलै २००० च्या प्रतीत सुरुवातीला अध्यक्ष केनेथ ले यांचं निवेदनही होतं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९९ मध्ये, संचालक मंडळाने मुख्य वित्त अधिकारी अँड्र्यू फास्टो यांच्यासाठी हितसंबंधांचा नियम बाजूला ठेवला होता. फास्टो यांनी स्वतःच्या भागीदाऱ्या उभ्या केल्या आणि त्या भागीदाऱ्या एन्रॉनशीच व्यवहार करू लागल्या. कोणी अंधारात चोरून नियम मोडला असं झालं नाही. बैठक बसली, विषय निघाला, मंजुरी मिळाली. २ डिसेंबर २००१ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

एवढं लांब जायलाही नको. आमच्याकडे खरेदीला तीन कोटेशनचा नियम होता. तो कडक पाळला जायचा. मग एकदा वरून तोंडी निरोप आला की पॅकिंगच्या खोक्यांचं काम अमुक माणसाला द्या, कोटेशन नंतर जोडा. तो माणूस एका मोठ्या साहेबांचा मेव्हणा होता. खोकी चांगली होती, भावही फार चढा नव्हता, म्हणून कोणी काही बोललं नाही. वर्षभरात कॅन्टीनचं कंत्राट तसंच गेलं, मग भंगार उचलण्याचं, मग कामगारांच्या बसचं. प्रत्येक खात्याला आपापला मेव्हणा सापडला. मी एकदा स्टोअर्सच्या माणसाला हटकलं, तेव्हा त्याने माझ्याकडे सरळ बघून विचारलं, ‘खोक्यांच्या वेळी तुम्ही होता ना?’ मी होतो.

म्हणून पहिला कानमंत्र हा. सूट द्यायची वेळ कधीतरी येणारच. आग लागली तर तीन कोटेशनं कोण मागणार? पण ती सूट लेखी हवी. कोणाला दिली, का दिली, किती दिवसांसाठी दिली आणि सही कोणाची, एवढं एका वहीत उतरवायचं आणि ती वही दर तीन महिन्यांनी संचालकांच्या बैठकीत मोठ्याने वाचायची. तोंडी सूट म्हणजे सूट नाही, असं खालच्या माणसाला ठामपणे म्हणता आलं पाहिजे. आणि दोन नावं त्या वहीत कधीच येता कामा नयेत, तुझं आणि मालकांच्या घरातलं. तुझी गाडी रविवारी घरच्या कामाला निघाली तर त्या पेट्रोलचे पैसे तू भर, आणि पावती अकाउंट्समध्ये दे. ड्रायव्हरला ते दिसतं. ड्रायव्हरला दिसलेलं दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या शॉप फ्लोअरला कळतं.

आता मार्चबद्दल. हे मी आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही.

एका वर्षी विक्रीचा आकडा कमी पडत होता. ३१ मार्चच्या संध्याकाळी चार ट्रक भरले, बिलं काढली आणि ट्रक गेटबाहेर नेऊन रस्त्याच्या कडेला उभे केले. गिऱ्हाइकाने माल मागितलेलाच नव्हता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो माल परत आत आला. बिलांवर सही माझी होती. सगळे म्हणाले, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, पुढच्या तिमाहीत भरून निघेल. निघालं नाही. कारण पुढच्या मार्चला टार्गेट ठरलं ते त्या खोट्या आकड्यावर टक्के चढवून. त्या वर्षी सात ट्रक उभे राहिले.

७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या रामलिंग राजूंचं पत्र बाहेर आलं तेव्हा मी ते पेपरात उभ्याउभ्याच वाचलं. सुरुवातीला खरा आणि दाखवलेला नफा यांत थोडंच अंतर होतं आणि वर्षांमागून वर्षं ते वाढत गेलं, असं त्यांनीच त्यात कबूल केलं होतं. ताळेबंदातल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिल्लकीपैकी ५,०४० कोटी नव्हतेच. आणि याच कंपनीला जेमतेम चार महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २००८ मध्ये, उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. तो नंतर काढून घेतला गेला. मला माझे चार ट्रक आठवले. रक्कम फार लहान, जात तीच.

तेव्हा तू काय करायचं ते सांगतो. मार्चच्या २५ तारखेच्या आसपास विक्री, डिस्पॅच आणि अकाउंट्सच्या माणसांना एकत्र बसव आणि सगळ्यांसमोर म्हण, आकडा कमी आला तर मालकांना उत्तर मी देईन, पण गिऱ्हाइकाने न मागितलेला एक खोकाही गेटबाहेर जाणार नाही. हे तू तोंडाने म्हणायला हवंस. तू गप्प राहिलीस तर ते तुझ्या गप्प राहण्याचा सोयीचा अर्थ लावतील. एप्रिलच्या १० तारखेला परत आलेल्या मालाचं रजिस्टर स्वतः बघ. बँकेच्या शिल्लकीचं पत्र ऑडिटरने थेट बँकेकडून मागवावं; आपल्या माणसाच्या हातून आलेल्या कागदावर विसंबू नये. आणि टार्गेट ठरवताना फोरमनला विचार की हे कसं गाठणार. त्याला मार्ग सांगता येत नसेल, तर तो आकडा कागदावरच गाठला जाणार हे समज.

वाईट बातमी आली की तुझ्या चेहऱ्यावर पहिल्या मिनिटाला काय दिसतं, यावर पुढची दहा वर्षं अवलंबून असतात. आमच्याकडे क्वालिटीमध्ये डिप्लोमा करून आलेला एक मुलगा होता, नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. रात्रपाळीत त्याने एक अख्खा लॉट अडवला, बोअरचं माप दोन-तीन नगांत शंकास्पद वाटलं म्हणून. गिऱ्हाइकाची लाइन सकाळी थांबणार होती आणि त्याचा दंड आमच्या माथी बसणार होता. प्रॉडक्शनवाल्यांनी त्याला वाटेल ते सुनावलं. सकाळी आमचे त्या वेळचे वर्क्स मॅनेजर आले. त्यांनी त्या पोराला केबिनमध्ये बोलावलं नाही, स्वतः त्याच्या टेबलाशी गेले. गेज मागवला, त्याच्यासमोर २० नग मोजले. तीन बाद निघाले. साहेबांनी तिथूनच गिऱ्हाइकाला फोन केला आणि माल दुपारी येईल, चूक आमची आहे, असं स्वतः सांगितलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, लॉट अडवायला याला माझी परवानगी लागत नाही.

त्या दिवशी आमचा दंड भरून झाला आणि त्यानंतर क्वालिटीच्या माणसाला दमात घ्यायची कोणाची हिंमत झाली नाही. तुझ्या बत्तीस पानांत ‘कर्मचाऱ्यांनी निर्भयपणे बोलावं’ असं वाक्य आहे. ते राहू दे. पण पहिला अडवलेला लॉट समोर येईल तेव्हा तू त्या टेबलाशी चालत जा. तीनही नग चांगले निघाले असते तरी साहेबांनी हेच केलं असतं असं मला वाटतं, आणि तूही तसंच करावंस.

तक्रारीच्या व्यवस्थेबद्दल. कंपनी शेअर बाजारात असेल, लोकांच्या ठेवी घेतल्या असतील किंवा बँकांचं कर्ज ५० कोटींच्या वर असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १७७ अशी यंत्रणा सक्तीची करतं. तुमचं कर्ज तेवढं नसलं तरी ती ठेव. पेटी कुठे लावतेस ते मात्र बघ. एका कारखान्यात ती एचआरच्या दारासमोर, कॅमेऱ्याखाली होती आणि वर्षानुवर्षं रिकामी निघायची. साहेब लोक ते चांगल्या कारभाराचं लक्षण मानत. पेटीची किल्ली कारखान्यातल्या कोणाकडेही नको, बाहेरच्या संचालकाकडे हवी. नाव सांभाळणं हे तर सगळ्यात मोठं काम. सत्येंद्र दुबे हा राष्ट्रीय महामार्गाच्या कामावरचा तरुण इंजिनिअर. त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून गैरप्रकार कळवले आणि आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेला त्याचा गोळी घालून खून झाला. तपासात तो लुटारूंनी केल्याचा निष्कर्ष निघाला. पण नाव झाकण्याची त्याची विनंती कोणी पाळली नाही, हे तसंच उरतं. तुझ्याकडे आलेलं नाव तुझ्या नवऱ्यालाही कळता कामा नये.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती दहा माणसं कामाला असली की लागतेच, अध्यक्ष ज्येष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरची व्यक्ती. कायदा तुला पाठ आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त ती बाहेरची व्यक्ती खरोखर बाहेरची असू दे, एचआर प्रमुखाच्या ओळखीतली नको. आणि कंत्राटी बायकांना त्या समितीचं नाव मराठीत आणि हिंदीत, त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत लावलेलं दिसू दे.

खरेदीच्या खात्यात मी निम्मी नोकरी काढली, म्हणून इथे जरा थांबतो. लाच कुठून सुरू होते असं तुला वाटतं? माझ्या अनुभवात ती रखडलेल्या पैशांतून सुरू होते. भोसरीच्या गल्लीत दोन लेथवर जॉबवर्क करणारा माणूस असतो. त्याचं बिल चार महिने अडकतं. तो सकाळी येतो, रिसेप्शनवर बसतो, दुपारी जातो. कधीतरी त्याला कळतं की अमक्याच्या घरी दिवाळीला पाकीट गेलं की चेक लवकर निघतो. पाकीट देणारा लोभी नसतो, त्याला शनिवारी पगार वाटायचा असतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत, असं २००६ पासून कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तू एवढंच कर. बिलं तारखेच्या क्रमाने निघतील, यादी पुरवठादारांना बघता येईल आणि खरेदीवाल्याचा हात पैशांना लागणार नाही. भेटवस्तूंच्या नियमाने जे साधणार नाही ते या यादीने साधेल.

सरकारी कचेरीतल्या लाचेचंही मूळ पुष्कळदा आपल्याच घाईत असतं. परवान्याची मुदत उद्या संपते, कागद आज काढला, मग लायझनिंगवाला लागतो आणि व्हाउचरवर ‘संकीर्ण खर्च’ येतो. २०१८ च्या दुरुस्तीपासून देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं तरच सुटका. म्हणून सगळ्या परवान्यांच्या तारखा एका तक्त्यावर लिही आणि सहा महिने आधी अर्ज करायला लाव. वेळ हातात असला की माणसाला नाही म्हणता येतं. लायझनिंगवाल्याचं बिल आलं तर काम काय केलं ते ओळीओळीने मागव, आणि ‘संकीर्ण’ हे खातंच बंद करून टाक.

कायदा सांगेल तेवढंच करायचं, असंही ठरवू नकोस. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आला. फॅक्टरीज अ‍ॅक्ट आला तो १९४८ मध्ये. मधली छत्तीस वर्षं ते कोणी सांगितलं म्हणून पाळत नव्हते. तुझ्या गेटवर कंत्राटदाराची १४० माणसं आहेत असं तू म्हणालीस. त्यांच्या पीएफची चलनं महिन्याच्या महिन्याला बघ, नुसती एकूण रक्कम नको, नावानिशी यादी बघ. जेवायला एकदा त्यांच्या रांगेत उभी राहा. ताट वेगळं निघालं तर त्याच आठवड्यात बदल.

बत्तीस पानं छापायला टाकू नकोस अजून. आधी सूट कोणाला, का, किती दिवस आणि कोणाच्या सहीने, ते तेहतिसावं पान लिही, त्याखाली पहिली सही तुझी कर आणि मला पाठव. मी त्याच दिवशी वाचून फोन करतो.