पाठमोरा नाविक : दत्तू भोकनळ

सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, तेव्हा काठावर जी गर्दी उसळते ती आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. पण ऑलिंपिकमधलं रोइंग म्हटलं की आपली पाटी कोरी. पेपरात 'नौकानयन' असं छापून येतं आणि आपल्या डोळ्यांसमोर शिडाची होडी येते. इथे शीडही नाही आणि इंजिनही नाही. 'सिंगल स्कल्स' या प्रकारात एक माणूस, दोन वल्ही आणि २००० मीटर सरळ पाणी, एवढाच मामला. होडीचं वजन सुमारे १४ किलो, लांबी आठ मीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम बसण्यापुरती. आणि गंमत म्हणजे नाविक पाठमोरा बसतो. कुठून आलो ते दिसतं, कुठे चाललो ते नाही!

या खेळात आपल्या महाराष्ट्राचा एक गडी ऑलिंपिकला गेला. दत्तू बबन भोकनळ, जन्म १९९१, गाव तळेगाव रोही, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक. तालुका दुष्काळी. वडील विहिरी खोदायचे आणि दत्तू शाळकरी वयापासून त्यांच्या हाताखाली. पाण्यासाठी जमीन खणायची, पण खोल पाण्यात उतरायची भीती! २०११ मध्ये वडील गेले आणि घर त्याच्यावर आलं. त्याने पेट्रोल पंपावरही काम केलं. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. (आपल्या 'ब्रँच'ची पलटण, असं म्हणायला हरकत नाही.) तिथे त्याची उंची पाहून त्याला रोइंगला घातलं. म्हणजे या खेळाची निवड त्याने केलीच नव्हती. उंची कमी भरली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. अशी किती उंच पोरं आपापल्या गावात विहिरी खणत राहिली असतील, हा हिशोब कोण ठेवतो?

तीन वर्षांत, २०१५ साली, बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याने रौप्य मिळवलं. (आम्हा हुपरीकरांना रौप्य म्हटलं की आधी वजन विचारायची सवय, पैंजणाचा धंदा ना!) २०१६ च्या सुरुवातीला आईला अपघात झाला, डोक्याला जबर मार लागला. तिला त्या अवस्थेत सोडून तो एप्रिलमध्ये दक्षिण कोरियात चुंगजूला गेला, पात्रता स्पर्धेत दुसरा आला आणि रिओचं तिकीट मिळवलं. त्या ऑलिंपिकला रोइंगमध्ये भारताचा तो एकटाच होता.

रिओत तो एकूण १३वा आला. आता '१३वा' ऐकून नाक मुरडण्याआधी जरा कॅल्क्युलेटर काढा. त्याची शेवटच्या शर्यतीची वेळ ६ मिनिटे ५४.९६ सेकंद, म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे १७ किलोमीटर. सुवर्णविजेता न्यूझीलंडचा माहे ड्रायसडेल, वेळ ६ मिनिटे ४१.३४. फरक साडेतेरा सेकंदांचा. दोघे वेगवेगळ्या शर्यतीत होते, वारा सारखा नसणार, ते सोडून देऊ. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून लागणारी पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे. वेग फक्त साडेतीन टक्के वाढवायचा तर पॉवर दहा टक्क्यांहून जास्त लागते, आणि तीही सलग पावणेसात मिनिटं. हा जोर हातांचा आहे असं वाटतं, पण सीट रुळांवर सरकते. आधी पाय, मग पाठ आणि शेवटी हात. जिममध्ये नुसते डोले काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

चार जण वल्हवले तरी वेग चौपट होत नाही तो याच घनामुळे. २४ ऑगस्ट २०१८ ला पालेमबंगच्या आशियाई खेळांत स्वर्णसिंग, ओमप्रकाश, सुखमीतसिंग आणि दत्तू या चौघांनी ६:१७.१३ ला सुवर्ण जिंकलं. दत्तूच्या रिओच्या वेगापेक्षा हा वेग साधारण दहा टक्केच जास्त.

पण त्याच खेळांतली त्याची एकट्याची शर्यत महागात पडली. तो मध्येच थांबला. त्या दिवसांत अंगात ताप होता असं छापून आलं होतं; महासंघाला मात्र ही बेशिस्त वाटली आणि २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. शिस्त हवी हे मान्य, नाहीतर संघ चालणार कसा? पण ज्याने भर तापात संघाला सुवर्ण मिळवून दिलं, त्याची दोन वर्षं काढून घ्यायची? खेळाडूच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे आपल्या चार सेमिस्टरसारखी नसतात, त्यांना बॅकलॉगची सोय नाही. मला तरी ही शिक्षा गुन्ह्यापेक्षा मोठी वाटते. जानेवारी २०२० मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण टोकियोला तो नव्हता.

२०२४ ला पॅरिसमध्ये याच प्रकारात सैन्यातलाच बलराज पन्वर उतरला. तो २३वा आला. सिंगल स्कल्समधला भारताचा सर्वोत्तम क्रमांक अजूनही दत्तूचा १३वाच आहे.